पाडव्याआधी हौदाची गळती शोधा

हौदाच्या बुडाशी ऐन माघात हरळी हिरवीगार दिसत असेल तर तिचं कौतुक करू नका. तिला पाणी तुमच्या हौदातून मिळतंय. हिवाळ्यात विहिरीला पाणी असतं, जनावरं पितातही कमी, त्यामुळे दोन बोटं पाणी उतरलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही. एप्रिलात विहीर तळाला जाते, मोटार अर्धा तास चालत नाही, तेव्हा आपण सिमेंटची गोणी आणायला धावतो. आणि त्या उन्हात केलेला गिलावा पहिल्याच पावसाळ्यापर्यंत पोपडे टाकतो. हे काम थंडी सरल्यावर आणि ऊन तापायच्या आधी, या तीन-चार आठवड्यांतच उरकायचं. पुढं लग्नसराई लागली की गवंडीही सापडत नाही.

आमच्या माणदेशात काही जुन्या विहिरींवर अजून दगडी डोणी आहेत. अखंड दगडात कोरलेल्या, सांधाच नाही, मग गळणार कुठून? आपले आजचे हौद विटांचे नाहीतर काँक्रीटचे, म्हणजे सांध्यांचे. गळती बहुतेक वेळा सांध्यातच असते, आणि आपण मात्र भिंतीवर जिथं रेघ दिसते तिथं सिमेंट थापतो.

आधी खात्री करा की हौद खरंच गळतोय. संध्याकाळी जनावरं पाजून झाली की हौद भरा, नळ पक्का बंद करा आणि आत भिंतीवर पाण्याच्या पातळीला खडूनं किंवा खिळ्यानं खूण करा. एक बादली पाण्यानं भरून हौदाशेजारीच उघड्यावर ठेवा, तिच्यातही खूण करा. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत दोन्हींना हात लावायचा नाही. जनावरांना तेवढा दिवस घमेल्यात पाजा. बादलीत जेवढं उतरलं तेवढं उन्हा-वाऱ्यानं गेलं. हौदात त्याहून जास्त उतरलं असेल तर ती गळती. 8 फूट लांब आणि 3 फूट रुंद हौदात एक इंच पाणी म्हणजे सुमारे 55 लिटर. उन्हाळ्यात एखादा खिलार बैल दिवसाला जवळपास तेवढंच पितो. रोज एक इंच गळतोय म्हणजे दावणीला न बांधलेला एक बैल तुम्ही पोसताय.

गळतीची जागा पाणीच दाखवतं. हौद भरून सोडून द्या आणि पातळी कुठं थांबते ते बघा. भिंतीच्या मध्यावर येऊन थांबली तर त्याच उंचीवर फिरून बघा, तडा तिथंच मिळेल. पार तळापर्यंत रिकामा झाला तर तळ, तळ आणि भिंतीचा सांधा किंवा गाळ काढायचा पाइप यांपैकी एक. पाइपवर माझा संशय सगळ्यात आधी जातो. गुळगुळीत पीव्हीसी पाइपला सिमेंट नीट धरत नाही, आणि बूच काढताना आपण त्याला हिसके देतो. पाइप बसवतानाच त्याचं बाहेरचं अंग पॉलिश पेपरनं खरबरीत केलं आणि भोवती गळपट्टा, म्हणजे पाइपला वेढणारं कडं, दिलं तर ही कटकट निम्मी कमी होते.

आता तड्याकडे. केसासारख्या, जाळीसारख्या पसरलेल्या रेघा असतील तर गिलावा वाळताना आकसलाय, हौदाला धोका नाही. पण कोपऱ्यातून वरपासून खालपर्यंत गेलेला, वर रुंद आणि खाली बारीक असा तडा दिसला तर समजा, पाया खचलाय. काळ्या रानात हे हमखास होतं. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावर बसवलेला हौद दरवर्षी वर-खाली होतो. त्यात हौदच गळत असेल तर एका बाजूची माती बारमाही ओली आणि दुसरी कोरडी. अशा तड्यावर कितीही महागडं रसायन भरा, पुढच्या वर्षी तो पुन्हा उघडेल. आधी भोवतीचं पाणी लांब काढून द्या, काठाशी मुरूम चोपा. तरीही तडा वाढत राहिला तर तो हौद सोडून नवीन बांधलेला परवडतो. नवीन बांधताना काळी माती मुरमापर्यंत उकरायची. मुरूम फारच खोल असेल तर निदान दोन-अडीच फूट माती काढून थरावर थर मुरूम ओला करून चोपायचा. वर दगडाची सोलिंग, म्हणजे रचून बसवलेल्या दगडांचा थर, मग काँक्रीट.

पाया शाबूत असेल तर दुरुस्ती घरच्या घरी होते. हौद रिकामा करा, शेवाळ आणि क्षारांचा पांढरा थर तारेच्या ब्रशनं खरवडा. तडा छिन्नीनं अर्धा-पाऊण इंच खोल फोडून रुंद करा. लोक इथंच कच खातात, चांगला दिसणारा गिलावा फोडायला हात धजावत नाही. पण बारीक फटीत सिमेंट शिरतच नाही, वर नुसती चिकटपट्टी होते. पोकळ वाजणारा गिलावाही ठोकून पाडा. जागा धुऊन रात्रभर ओली ठेवा, सकाळी सिमेंटचं दाट पाणी ब्रशनं चोळा आणि ते ओलं असतानाच एकास तीन माल (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू) दाबून भरा. तडा लांब असेल तर वरून कोंबडी जाळीची वीतभर रुंद पट्टी खिळ्यांनी घट्ट ताणून त्यावर माल घ्या. तळ आणि भिंत मिळतात तिथं काटकोन ठेवू नका, बाटली फिरवून गोलाई काढा. गळती थांबते आणि घासताना कोपऱ्यात शेवाळही राहत नाही.

8 बाय 3 बाय 2 फुटांच्या हौदाला आतून सगळा नवा गिलावा करायचा तर साधारण एक गोणी सिमेंट पुरतं. गोणी ताजी घ्या. तीन-चार महिने गोठ्यात पडलेली, गठ्ठे झालेली गोणी हौदाला वापरू नका, तिचा दम गेलेला असतो. वाळू धुतलेली हवी. वॉटरप्रूफिंगची पावडर पाकिटावर लिहिली असेल तेवढीच. जास्त टाकली म्हणून जास्त टिकत नाही.

गिलाव्यानंतर पाणी मारणं. इथं मी स्वतः तोंड पोळून घेतलंय. एका मार्चअखेरीला भर दुपारी गिलावा केला, दोन दिवस पाणी मारलं आणि तिसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या गडबडीत हौद तसाच उन्हात राहिला. चौथ्या दिवशी आत बारीक तड्यांचं जाळं पडलं होतं. तेव्हापासून मी गिलावा संध्याकाळी चारनंतरच करतो. दुसऱ्या दिवशी तळात दोन इंच पाणी उभं ठेवतो, भिंतींवर ओली बारदानं टाकतो आणि किमान दहा दिवस ती सुकू देत नाही. त्यानंतर भरतानाही एकदम नाही; पहिल्या दिवशी तिसरा हिस्सा, मग दोन तृतीयांश, मग पूर्ण. पहिलं पाणी जनावरांना पाजायचं नाही. नव्या सिमेंटचं पाणी अल्कधर्मी असतं, तोंड पोळवतं. दोनदा भरून ओतून द्या. आणि एकदा चांगला झालेला हौद मे महिन्यात कोरडा पडू देऊ नका, सिमेंटला रिकामं ऊन सोसत नाही. तळात वीतभर पाणी राहिलं तरी पुरे.

या सगळ्या दिवसांत जनावरं काय पितील, हा विचार काम सुरू करायच्या आधी करा. निळे प्लास्टिकचे ड्रम मधून कापून काम भागतं, पण ड्रममध्ये आधी काय होतं हे ठाऊक नसेल तर घेऊ नका. औषधाचा किंवा केमिकलचा ड्रम कितीही धुतला तरी तो पाण्यासाठी नाहीच. तसंच गळती थांबवायला आतून डांबर फासणं, घराचा उरलेला ऑइल पेंट लावणं हे प्रकार बंद करा. गाई-म्हशी हौदाचा काठ चाटतात. जुन्या रंगात शिसं असतं आणि गुरांना त्याची विषबाधा होते. लेप लावायचाच तर पिण्याच्या पाण्याच्या टाकीला चालणारा, डब्यावर तसं लिहिलेला घ्या.

प्लास्टिकच्या टाकीला तडा गेला तर एम-सील, फेविक्विक यांवर पैसे घालवू नका, त्या प्लास्टिकवर ते धरत नाही. तडा जिथं संपतो त्या टोकांना बारीक भोक पाडा म्हणजे तो पुढं धावत नाही, आणि त्याच जातीच्या प्लास्टिकची पट्टी गरम हवेनं वितळवून जोडणारा माणूस गाठा. बहुतेक टाक्या फुटतात त्या मात्र खालच्या एका दगडामुळे. टाकीचा सगळा तळ सपाट ओट्यावर टेकला पाहिजे.

किती साठा हवा याचा हिशेब विजेवरून करा. शेतीची वीज पाळीनं येते, कधी दिवसा आठ तास, कधी रात्री. दुभती संकरित गाय उन्हाळ्यात 80 ते 100 लिटर पिते, म्हैसही तेवढंच, शेळी पाच ते आठ लिटर. एका दिवसाचं आणि वर निम्मं एवढा साठा ठेवा. त्याहून मोठ्या हौदात पाणी शिळं होतं. हौद भरला की नळ आपोआप बंद करणारा फ्लोट बसवला असेल तर त्यावर जाळी किंवा फरशीचं झाकण हवंच, वासरं तो चेंडू आठवड्यात चघळून टाकतात. काठाची उंची गाईंना दोन-सव्वादोन फूट, शेळ्यांना फूट-सव्वा फूट.

हौदाभोवती सहा-सात फूट खडबडीत फरशी किंवा दगड बसवा. चिखलात उभं राहून खुरांचे आजार होतात, आणि डबक्यातल्या गोगलगाईंवाटे जनावरांच्या यकृतात पर्णकृमी जातात.

चुना दर पंधरा दिवसांनी आतून लावा. संध्याकाळी रिकामा करून घासा, लगेच चुना द्या, सकाळी ऊन चढायच्या आत भरा. कळीचा चुना विरघळवताना उकळून उडतो, डोळे सांभाळा आणि पोरांना लांब ठेवा. काहीजण डासांसाठी हौदात गप्पी मासे सोडतात, तेही उत्तम. चुन्याच्या दिवशी मात्र मासे आधी बादलीत काढा आणि चुना लावल्यावरचं पहिलं पाणी बदलून मगच परत सोडा.