रक्त पातळ करणाऱ्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या एकत्र घेताना

अँजिओप्लास्टी झाली, हार्ट अटॅक येऊन गेला किंवा झडप बदलली, की घरी येताना औषधांच्या पिशवीत बहुतेक वेळा या दोन्ही गोळ्या असतात. एक रक्ताची गुठळी होऊ न देणारी, दुसरी कोलेस्टेरॉल खाली ठेवणारी. दोन्ही एकत्र घेणं अगदी नेहमीचं आहे, त्याची धास्ती नको. घोटाळा सहसा दोन ठिकाणी होतो. एकच औषध दोन वेगळ्या नावांनी पोटात जातं, किंवा कोलेस्टेरॉलची गोळी बदलल्याचं रक्ताच्या गोळीचा डोस ठरवणाऱ्या डॉक्टरांना कळतच नाही. दोन्ही टाळणं घरच्यांच्या हातात आहे.

आधी सगळ्या स्ट्रिपा टेबलावर मांडा

ठळक छापलेलं नाव कंपनीचं असतं. बारीक अक्षरातलं औषधाचं खरं नाव वाचा आणि वहीत उतरवा. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर ही प्लेटलेट एकमेकींना चिकटू न देणारी. वॉरफॅरिन, ॲसिनोकुमॅरॉल (बऱ्याच घरांत हिला ‘ॲसिट्रॉम’ म्हणूनच ओळखतात), अपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन, डॅबिगॅट्रान ही गोठण्याची क्रिया लांबवणारी. नावाच्या शेवटी ‘स्टॅटिन’ असेल तर ती बहुतेक कोलेस्टेरॉलची.

जोडगोळ्या नीट पाहा. ‘इकोस्प्रिन-एव्ही’मध्ये ॲस्पिरिन आणि अटॉरव्हास्टॅटिन दोन्ही असतात, ‘इकोस्प्रिन गोल्ड’मध्ये क्लोपिडोग्रेलही. ही कॅप्सूल चालू असताना दुसऱ्या डॉक्टरांनी अटॉरव्हास्टॅटिन वेगळी लिहून दिली, तर डोस नकळत वाढतो. पेशंट म्हणतो, “मी तर इकोस्प्रिन घेतो,” आणि पुढचं ‘एव्ही’ सांगायचं राहून जातं. म्हणून दवाखान्यात नावं तोंडी सांगू नका, स्ट्रिपाच घेऊन जा. घरी एखादं औषध दोनदा दिसलं तर मनानेच एक बंद करू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवलेल्या माणसाने रक्ताची गोळी परस्पर थांबवली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन जिवावर बेतू शकतं.

वेळ ठरवा

वॉरफॅरिन किंवा ॲसिनोकुमॅरॉल बहुधा संध्याकाळी देतात, म्हणजे सकाळच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट पाहून त्याच दिवशीचा डोस बदलता येतो. अटॉरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन कधीही चालतात, सिमव्हास्टॅटिन रात्री. रिव्हरॉक्साबॅनच्या १५ आणि २० मिलिग्रॅमच्या गोळ्या जेवणाबरोबरच घ्या. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल फोडून घेऊ नका. गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायची नाही.

गोळी बदलली की आयएनआर

वॉरफॅरिन, ॲसिनोकुमॅरॉल घेणाऱ्यांसाठी हे सगळ्यात महत्त्वाचं. आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा. हे औषध न घेणाऱ्या निरोगी माणसाचा तो १ च्या आसपास असतो. हृदयाचे ठोके अनियमित असतील किंवा पायातल्या शिरेत गुठळी झाली असेल, तर तो साधारण २ ते ३ ठेवतात. मायट्रल जागी (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये) धातूची झडप असेल तर बहुधा २.५ ते ३.५. रोसुव्हास्टॅटिन, सिमव्हास्टॅटिन, फ्लुव्हास्टॅटिन सुरू केल्यावर हा आकडा वर सरकू शकतो आणि रक्तस्राव होऊ शकतो. अटॉरव्हास्टॅटिनने सहसा फारसा फरक पडत नाही. ट्रायग्लिसराइडसाठीच्या (रक्तातली एक चरबी) फेनोफायब्रेट आणि जेमफायब्रोझिल यांच्याबाबतही तेवढंच सावध राहा. त्यातही स्टॅटिनसोबत जेमफायब्रोझिल स्नायूंना घातक ठरू शकतं.

म्हणून स्टॅटिन सुरू करण्याआधी एकदा आणि नंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत डॉक्टर सांगतील तेव्हा तपासणी करा. डोस वाढला, कमी झाला, गोळी बंद झाली तरीही. शक्यतो लॅब एकच ठेवा आणि तारीख, आकडा, डोस एकाच वहीत लिहा. अपिक्साबॅनसारख्या नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही, पण किडनीची तपासणी वेळोवेळी हवी.

ताप, गुडघेदुखी, सर्दी

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या मेडिकलमधून स्वतःहून आणू नका, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉल त्या मानाने बरी, पण वॉरफॅरिनवर असताना ती सलग काही दिवस घ्यावी लागली तरी आयएनआर पाहावा लागतो. जंतुसंसर्गावरचं मेट्रोनिडॅझोल आणि बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल आयएनआर वाढवतात. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक तर दोन्हीकडून त्रास देतं, आयएनआर वाढवतं आणि सिमव्हास्टॅटिन, अटॉरव्हास्टॅटिनची रक्तातली पातळीही. कमरेत इंजेक्शन घेण्याआधी आपली गोळी सांगा, स्नायूत रक्त साकळू शकतं.

हळद किंवा लसणाच्या कॅप्सूल, आयुर्वेदिक काढे, माशाच्या तेलाच्या गोळ्या यांचीही नोंद वहीत हवी. आमटीतली हळद आणि फोडणीतला लसूण खुशाल चालू द्या.

जेवण

वॉरफॅरिनवाल्यांनी पालेभाज्या सोडायच्या, हा समज काढून टाका. पालक, मेथी, अळू, कोबी यांतलं ‘के’ जीवनसत्त्व औषधाचा परिणाम कमी करतं हे खरं, पण डॉक्टरांनी त्याचा हिशेब धरूनच डोस बसवलेला असतो. त्रास होतो तो अचानक बदलाने: महिनाभर पालेभाजी नाही आणि मग आठवडाभर रोज अळूचं फतफतं. प्रमाण सारखं ठेवा. सिमव्हास्टॅटिन, अटॉरव्हास्टॅटिन घेणाऱ्यांनी ग्रेपफ्रूट टाळावं. पपनस त्याच कुळातलं, त्यामुळे तेही भरपूर खाऊ नये.

वाट न पाहता दवाखाना गाठा

डांबरासारखं काळं शौच, लाल लघवी, न थांबणारा घोळणा, अचानक भयंकर डोकेदुखी, डोक्याला मार लागणं (वरून जखम दिसत नसली तरी), ही सगळी रक्ताच्या गोळीची धोक्याची लक्षणं. स्टॅटिनमुळे क्वचित अंग ठणकतं, हात उचलवत नाही. त्यासोबत लघवी कोकाकोलासारखी गडद झाली तर त्याच दिवशी दाखवा.

झडप बदललेल्या तरुण मुलींना एक कळकळीचं सांगणं. दिवस राहण्याचा विचार मनात येताच, आधीच डॉक्टरांना भेटा. वॉरफॅरिनने गर्भाला अपाय होऊ शकतो आणि स्टॅटिनही सहसा थांबवतात, पण झडपेवर गुठळी होऊ नये म्हणून दुसरी सोय आधी करावी लागते. दात काढायचा असला तरी डेंटिस्टला आठवडाभर आधी सांगा. पुष्कळदा गोळी बंद न करताच दात काढता येतो, मात्र ते त्यांनी आणि हृदयाच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं.