वैद्यकीय जीवविज्ञानात पीएच.डी. करताना : मार्गदर्शक, परवानग्या आणि पहिले वर्ष

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात जैवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जीवतंत्रज्ञान शिकणारे बहुतेक विद्यार्थी सगळा जोर नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेवर लावतात. त्यात वावगे काही नाही, कारण फेलोशिपशिवाय पुण्या-मुंबईत राहून पाच वर्षे प्रयोगशाळेत काम करणे फार थोड्यांना परवडते. परंतु परीक्षेने मिळतो तो प्रवेश. काम तडीस जाईल की रखडेल, हे मार्गदर्शक कोण आहे, प्रश्न किती नेमका आहे आणि परवानग्या कधी हाती पडतात, यांवर ठरते. या तिन्हींचा विचार नोंदणीनंतर नव्हे, अर्ज भरतानाच करावा.

परीक्षांचे प्रथम सांगतो. सीएसआयआर (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद) आणि यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) यांच्या संयुक्त नेटमधील जीवविज्ञान हा विषय सर्वांत रुळलेला मार्ग आहे. केंद्र सरकारचा जीवतंत्रज्ञान विभाग आणि आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) यांच्याही जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधकांच्या फेलोशिप, आहेत, आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था किंवा खारघरचे ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र यांसारख्या संस्था आपली स्वतंत्र निवडप्रक्रिया राबवतात. १ जानेवारी २०२३पासून लागू झालेल्या दरांनुसार जेआरएफला पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर एसआरएफ (वरिष्ठ फेलो) म्हणून ४२,००० रुपये मिळतात. घरभाडे भत्ता वेगळा. जेआरएफ हुकली तरी नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी चालतात. जून २०२४च्या सत्रापासून यूजीसीने ही सोय केली असून त्यात परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार आहे, मात्र हे गुण एकच वर्ष ग्राह्य धरले जातात. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांनी आपापल्या प्रवर्गानुसार बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवावे.

फेलोशिप आणि नोंदणी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, याचा अनेकांना विसर पडतो. काम ज्या संस्थेत चालते तीच पदवी देईल असे नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातील विद्यार्थी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात नोंदणी करू शकतो, ॲक्ट्रेकमधील विद्यार्थ्याला होमी भाभा राष्ट्रीय संस्थेची पदवी मिळते, तर एम.डी. झालेला डॉक्टर नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे वळतो. नियम, शुल्क आणि मुदती पदवी देणाऱ्याच्या असतात. म्हणून पत्रक त्याचे वाचावे. नोकरी सांभाळून काम करणाऱ्याला यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार अर्धवेळ पीएच.डी. करता येते, पण त्यासाठी नोकरीच्या ठिकाणचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते.

आता मार्गदर्शकाविषयी. संस्थेच्या नावावर भाळून प्रयोगशाळा निवडणे ही सर्वांत महागात पडणारी गोष्ट आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी पबमेड या वैद्यकीय शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीवर त्या मार्गदर्शकाचे गेल्या पाच-सहा वर्षांतले शोधनिबंध काढून पाहावेत आणि त्यांत पहिले नाव विद्यार्थ्याचे आहे का, हे तपासावे. मग शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात त्याच प्रयोगशाळेतले जुने प्रबंध उघडून नोंदणीपासून सादरीकरणापर्यंत किती काळ गेला असावा याचा अंदाज घ्यावा. यूजीसीच्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी असू शकतात, आणि ज्याच्या निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला आहे त्याला नवे विद्यार्थी घेता येत नाहीत; तेव्हा जागा रिकामी आहे का आणि प्रकल्पाचा निधी कधी संपतो, हे प्रश्न मुलाखतीत संकोच न करता विचारावेत. सर्वांत खरी माहिती मात्र प्रयोगशाळेतल्या चौथ्या-पाचव्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे असते, आणि ती चहाच्या टपरीवरच मिळते. अँटिबॉडी मागवली की किती आठवड्यांनी येते, सर लिहिलेला मसुदा किती दिवसांत वाचून देतात, रविवारी यावे लागते का, एवढे विचारले तरी पुष्कळ कळते.

पहिल्या वर्षात किमान १२ श्रेयांकांचा (क्रेडिटचा) अभ्यासक्रम पुरा करावा लागतो आणि त्यात संशोधन व प्रकाशनाची नीतिमत्ता हा विषयही असतो. तो वर्गात बसून होऊन जातो. खरा वेळ जातो तो परवानग्यांत. माणसांचे रक्त, ऊती किंवा नोंदी वापरायच्या असतील तर संस्थेच्या नैतिकता समितीची, प्राणी वापरायचे असतील तर प्राणीविषयक नैतिकता समितीची आणि जनुकीय बदल केलेले जीव हाताळायचे असतील तर जैवसुरक्षा समितीची मान्यता आधी लागते. या समित्या रोज बसत नाहीत. एका बैठकीत त्रुटी निघाली की अर्ज पुढच्या बैठकीवर जातो. शिवाय समितीच्या मान्यतेआधी गोळा केलेला नमुना नंतर कितीही उपयोगी वाटला तरी प्रबंधात घेता येत नाही.

रुग्णांच्या नमुन्यांवर काम असेल तर संमतीपत्रावर जास्त मेहनत घ्यावी. आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ते सहभागी व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे, आणि तिला वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार हजर हवा. वॉर्डात खाटेवर बसलेल्या बाईंना ‘जनुकीय बहुरूपता’ सांगून काही कळणार नाही. ‘तुमच्या रक्तातून हा आजार घराण्यात का येतो ते पाहणार आहोत, त्याने तुमच्या उपचारात फरक पडणार नाही, आणि नाही म्हणालात तरी चालेल’ असे साध्या मराठीत लिहावे. उरलेला नमुना पुढच्या संशोधनासाठी ठेवायचा असल्यास त्याचा वेगळा रकाना पहिल्याच अर्जात असू द्यावा, नाहीतर तिसऱ्या वर्षी त्याच समितीपुढे पुन्हा जावे लागते. नमुना कोणत्या नळीत घ्यायचा हेही परिचारिकांना आधीच लिहून द्यावे, कारण हिरव्या टोपणाच्या नळीतले हेपॅरिन पुढे पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती काढताना, अडथळा आणते. डीएनएसाठी जांभळ्या टोपणाची ईडीटीएची नळी बरी.

पेशींवर काम करणाऱ्यांनी सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशी, शेजारच्या प्रयोगशाळेतून उसनी घेण्याचा मोह टाळावा. हेला या झपाट्याने वाढणाऱ्या मानवी कर्करोग-पेशींनी जगभरातल्या कितीतरी सेल लाइन दूषित केल्या आहेत आणि वर्षानुवर्षे भलत्याच पेशींवर शोधनिबंध निघाले आहेत. राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या भांडारासारख्या ठिकाणाहून पेशी आणाव्यात, आल्याबरोबर मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूची चाचणी करावी, पेशींची डीएनएवरून ओळख पटवणाऱ्या एसटीआर तपासणीचा अहवाल जपून ठेवावा आणि सुरुवातीच्या पॅसेजच्या (पेशी नव्या भांड्यात वाढवण्याच्या फेरीच्या) डझनभर कुप्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवूनच प्रयोगाला हात घालावा. मायकोप्लाझ्मामुळे माध्यम गढूळ होत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही तो दिसत नाही, म्हणून डोळ्यांवर विसंबून चालत नाही.

दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. फसलेले प्रयोगही तेथे दाखवावेत. समितीतला एखादा सदस्य त्याच प्रथिनाशी झगडलेला असतो आणि महिनाभराची पायपीट वाचते. पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षांची मुदत आहे. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना आणखी दोन वर्षांची सवलत मिळते, आणि मातृत्व व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजाही आहे.

प्रबंधापूर्वी शोधनिबंध छापलेला असण्याची अट यूजीसीने २०२२मध्ये काढून टाकली, तरी विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते, म्हणून तेथे विचारून घ्यावे. पैसे घेऊन आठवड्याभरात छापून देणाऱ्या नियतकालिकांच्या वाटेला जाऊ नये. साधर्म्य तपासणीत १० टक्क्यांपर्यंत दंड नसतो, पण ‘साहित्य व पद्धती’ हे प्रकरण जुन्या प्रबंधातून उचलण्याची सवय येथेच अंगाशी येते. ते प्रकरण पहिल्या वर्षापासून, प्रयोग जसे होतील तसे, आपल्या नोंदवहीतून लिहीत जावे.

प्रबंध मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाह्य परीक्षक तपासतात आणि त्यानंतर खुली मौखिक परीक्षा होते. परीक्षक बहुधा एखाद्या आकृतीवर बोट ठेवून मूळ ब्लॉट (प्रथिनांच्या पट्ट्यांची प्रतिमा) मागतो, म्हणून न कापलेल्या सर्व प्रतिमा तारखेसह सोबत न्याव्यात. पदवीचा आदेश निघाला की कुप्यांची यादी, फ्रीजमधला खण, कच्चा विदा आणि नोंदवह्या मार्गदर्शकाकडे सहीनिशी सुपूर्द कराव्यात आणि त्या यादीची एक प्रत स्वतःकडे ठेवावी.