कॅव्हेट कधी आणि कसं दाखल करायचं

बांधाचा वाद पेटला किंवा भावाने वाटपाची नोटीस पाठवली की लोक म्हणतात, "ताई, कॅव्हेट टाकून स्टे आणा." मी दिवाणी वकिली करते, म्हणून हा गैरसमज आधी दूर करते. कॅव्हेटने स्टे मिळत नाही आणि समोरच्याचा दावाही थांबत नाही. "अमुक माणूस माझ्याविरुद्ध अर्ज घेऊन आला, तर माझं ऐकल्याशिवाय हुकूम करू नका", एवढंच त्यातून कोर्टाला सांगायचं असतं.

पण तेवढ्याचंही मोल मोठं आहे. तातडी पटवून दिली तर वादीला तुमच्या गैरहजेरीत एकतर्फी तूर्तातूर्त मनाई मिळू शकते. मग चालू बांधकाम थांबतं आणि तो हुकूम उठवण्यासाठी तुम्हालाच धावपळ करावी लागते. दिवाणी प्रक्रिया संहितेत १९७६ च्या दुरुस्तीने कलम १४८-अ आलं, ते यासाठीच.

अर्जात सगळ्यात जास्त काळजी नावांची घ्या. जे जे कोर्टात जाऊ शकतात त्या सगळ्यांची नावं लिहा. चार भावांपैकी एकाचंच नाव घातलं आणि अर्ज दुसऱ्याने केला, तर कार्यालयाला तुमचं कॅव्हेट सापडायचं कसं? मिळकतीचं वर्णन गट नंबर आणि चतुःसीमेसकट द्या. दावा कनिष्ठ स्तर न्यायालयात येईल की वरिष्ठ स्तर, याची खात्री नसेल तर दोन्हीकडे दाखल करा. खालच्या कोर्टात निकाल तुमच्या बाजूने लागला असेल, तर अपील जिथे होईल तिथे लगेच कॅव्हेट दाखल करा. स्वतःची बाजू मात्र अर्जात पाल्हाळाने मांडू नका. तो कागद विरोधकही वाचणार आहे.

कॅव्हेटची नोटीस समोरच्याला पोचपावतीच्या नोंदणी टपालाने पाठवावी लागते. ती पावती जपून ठेवा. पुढे अर्ज आला की कोर्ट तुम्हाला नोटीस देतं, आणि अर्जदाराने अर्जाची व कागदपत्रांची नक्कल तुम्हाला द्यायची असते. तिचा खर्च तुमचा. सुनावणी अगदी जवळची लागू शकते, म्हणून सातबारा, खरेदीखत, जुने निकाल आधीच वकिलांकडे देऊन ठेवा.

मुदत ९० दिवसांची, तीही दाखल केलेल्या तारखेपासून. तेवढ्यात अर्ज आला नाही तर कॅव्हेट संपतं. धोका टळला नसेल तर मुदत संपण्याआधीच नवं करा. ही तारीख पक्षकारांनी स्वतःही लिहून ठेवावी, असा माझा आग्रह असतो.

फौजदारी प्रकरणात किंवा अटकेच्या भीतीने हे कलम उपयोगी पडत नाही. मृत्युपत्राच्या प्रोबेटमधलं, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाकडून प्रमाणित करून घेण्याच्या कामातलं, कॅव्हेटही वेगळं. ते भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम २८४ खालचं. तिथे ते दाखल झालं की कॅव्हेट करणाऱ्याला नोटीस दिल्याशिवाय प्रोबेटच्या अर्जावर पुढची कार्यवाही होत नाही. काका वारले आणि त्यांच्या मृत्युपत्रावर तुमची हरकत आहे, तर वकिलांना पहिल्याच भेटीत 'प्रोबेटचं कॅव्हेट' असं स्पष्ट सांगा. १४८-अ चा नमुना तिथे चालणार नाही.