प्लॉटच्या हद्दीपासून जोत्यापर्यंत: घराच्या लाइनआउटची नीट पद्धत

लाइनआउटच्या, म्हणजे घराची आखणी जमिनीवर उतरवण्याच्या दिवशी जेसीबी बोलावू नका. त्याचं भाडं तासावर चालतं, तो येऊन उभा राहिला की सगळ्यांनाच घाई सुटते आणि कर्ण दुसऱ्यांदा मोजायचा राहून जातो. कोल्हापुरात बरीच कामं एप्रिल-मे महिन्यांत सुरू होतात. पावसाच्या आत जोतं वर काढायचं असतं, त्यामुळे ही घाई आणखी वाढते. आखणी एका दिवशी आणि खोदाई दुसऱ्या दिवशी ठेवा. मधल्या संध्याकाळी इंजिनिअरने नकाशा हातात घेऊन सगळी मापं पुन्हा एकदा तपासायची.

मोजणीचं मूळ तत्त्व असं: आधी मोठी चौकट पक्की करायची, मग तिच्या आत लहान मापं भरायची. एका कॉलमवरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा असं मोजत गेलात तर प्रत्येक मापातली 3-4 मिमीची चूक पुढे साठत जाते आणि शेवटचा कॉलम इंचभर सरकलेला निघतो. दुसरं तत्त्व म्हणजे, ज्या वाटेने माप घेतलं त्याच वाटेने ते तपासायचं नाही. लांबी तपासायची तर कर्णाने, आणि लेव्हल तपासायची तर परत बेंचमार्कवर, म्हणजे उंची ठरवून दिलेल्या पक्क्या खुणेवर येऊन.

हद्द

कंपाउंडची भिंत म्हणजे हद्द नव्हे. शेजाऱ्याने भिंत आत घेतलेली असू शकते, बाहेरही घेतलेली असू शकते. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ अशा जुन्या पेठांमध्ये तर सामाईक भिंती असतात. त्या भिंतीच्या मध्यावर हद्द आहे की एका कडेला, हे कागद पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. शहरात प्रॉपर्टी कार्ड आणि नगर भूमापनाचा नकाशा बघा. पाचगाव, कळंबा, उजळाईवाडीकडच्या प्लॉटला सात-बारा आणि मंजूर लेआउट बघा. थोडीही शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घ्या. लगतच्या धारकांना नोटीस जाते, त्यांच्या समोर खुणा होतात आणि मोजणी नकाशाची ‘क’ प्रत मिळते. खुणा दाखवल्या की त्याच दिवशी तिथे दगड रोवून घ्या. खडूच्या किंवा रंगाच्या खुणा पहिल्या वळवात धुऊन जातात.

मोबाइलच्या जीपीएसवर हद्द ठरवू नका. उघड्या आकाशाखालीही त्यात काही मीटरची चूक सहज असते, आणि आपल्याला इथे सेंटिमीटर लागतात.

क्षेत्र मोजताना कर्ण सोडू नका

समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार करायची सवय सगळीकडे दिसते. प्लॉट काटकोनात नसेल तर या पद्धतीने क्षेत्र नेहमी जास्तच येतं, कमी कधी येत नाही. एक उदाहरण घ्या. बाजू 18, 12, 18, 12 मीटर. गुणाकार 216 चौ.मी. आता कर्ण मोजला आणि तो 20.00 मीटर भरला. काटकोन असता तर तो 21.63 यायला हवा होता, म्हणजे प्लॉट तिरका आहे. 18, 12 आणि 20 बाजूंच्या एका त्रिकोणाची अर्धपरिमिती 25. त्यातून तिन्ही बाजू वजा केल्या की 7, 13 आणि 5 उरतात. 25 × 7 × 13 × 5 = 11375, त्याचं वर्गमूळ 106.65. असे दोन त्रिकोण मिळून 213.3 चौ.मी. कागदावरच्या मापापेक्षा 2.7 चौ.मी. कमी, म्हणजे सुमारे 29 चौ.फूट. दुसरा कर्णही मोजा. तो 23.15 च्या आसपास आला तर तुमची मापं बरोबर आहेत.

गुंठ्याचा हिशेब याच्याशी जोडून ठेवा. महसुली मोजणीची जुनी साखळी 33 फुटांची. 33 × 33 म्हणजे 1089 चौ.फूट, म्हणजे 101.17 चौ.मी. नकाशा मीटरमध्ये आणि मिस्त्री फूट-इंच-सुतात, अशा दोन भाषा जागेवर चालतात. प्रत्येक माप वेगळं बदलून लिहिलं की आकडे जवळच्या आकड्याला आणतानाच्या बारीक चुका साठतात. लाइनआउटच्या दिवशी सगळे मीटरमध्येच बोलतील असं आधीच ठरवून टाका.

टेप स्टीलचा घ्या. कापडी किंवा फायबरचा टेप ताणला की लांबतो आणि कोण किती ओढतं यावर माप बदलतं. स्टीलचा टेपही उन्हात वाढतो. 30 मीटरला 20 अंशांच्या फरकाने जवळपास 7 मिमी. म्हणून लाइनआउट सकाळीच करा. टेपचं टोक झिजलेलं असेल तर एक मीटरच्या खुणेपासून मोजतात, ती पद्धत चांगली आहे. पण तो मीटर वजा करायचा विसरला की कॉलम थेट एक मीटर चुकतो. अशी चूक कर्णावर लगेच उघडी पडते. उतारावर टेप आडवाच धरा आणि टोकाला ओळंबा सोडून खूण करा. 15 मीटरमध्ये 1 मीटर उतार असेल आणि टेप जमिनीलगत टाकला तर माप 33 मिमी जास्त दिसतं.

लेव्हल

प्लॉटबाहेर, कुणी हलवणार नाही अशा जागी तात्पुरता बेंचमार्क ठरवा: गटाराच्या काँक्रीटची कड, जुन्या जोत्याचा कोपरा, रस्त्याकडेचा पक्का दगड. विजेचा खांब नको, झाड नको. त्याला 100.000 अशी लेव्हल द्या आणि रंगाने खूण करा.

ऑटो लेव्हल (उंचीतला फरक वाचायची दुर्बीण) भाड्याने आणली की आधी तिची परीक्षा घ्या. यासाठी वीस मिनिटं लागतात. 60 मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोका आणि मशीन बरोबर मध्ये लावा. समजा दोन्ही खुंट्यांवर स्टाफ (उभी धरायची आकड्यांची पट्टी) ठेवून वाचन 1.520 आणि 1.205 आलं. फरक 0.315. मशीन मध्यावर असल्याने तिचा दोष दोन्ही वाचनांत सारखा येतो आणि वजाबाकीत निघून जातो, म्हणून हा फरक खरा. आता मशीन पहिल्या खुंटीजवळ, दोन-तीन मीटरवर लावा. तिथे 1.602 आलं तर दुसऱ्या खुंटीवर 1.287 यायला हवं. 1.299 आलं तर मशीन 60 मीटरला 12 मिमी खोटं सांगतंय. ते परत पाठवा. तेच वापरावं लागलं, तर दोन्ही बाजूंची अंतरं सारखी ठेवून काम करा.

हिशेब सोपा आहे. बेंचमार्क 100.000, त्यावर स्टाफ वाचला 1.425, तर मशीनची उंची 101.425. प्लॉटच्या चार कोपऱ्यांवर 1.850, 2.310, 1.640 आणि 1.985 वाचलं तर लेव्हल 99.575, 99.115, 99.785 आणि 99.440. म्हणजे एक कोपरा दुसऱ्यापेक्षा 67 सेमी खाली आहे. जोत्याची उंची कुठून धरायची, भराव किती लागेल, सांडपाणी कुठे जाईल, हे सगळं या चार आकड्यांतून निघतं. शेवटी स्टाफ पुन्हा बेंचमार्कवर ठेवा. मशीन हललं नसेल तर तेच 1.425 आलं पाहिजे.

अॅल्युमिनियमच्या घडीच्या स्टाफमध्ये एक दोष नेहमी सापडतो: वरची नळी बटणात पूर्ण बसलेली नसते आणि सांध्यावर सेंटिमीटरभर माप हरवतं. सांध्याच्या दोन्ही बाजूंचे आकडे सलग जुळतात का, ते डोळ्यांनी बघा.

लहान कामाला पाण्याची पाइप चालते आणि ती मशीनपेक्षा कमी खरी नाही, फक्त नीट भरावी लागते. 10-12 मिमीची पारदर्शक पाइप एका टोकाने बादलीत सोडा, दुसऱ्या टोकाने पाणी ओढा, आणि पूर्ण लांबी हातातून सरकवत आतला प्रत्येक बुडबुडा वर काढा. दोन्ही टोकं शेजारी धरा, पाणी एकाच रेषेत दिसलं पाहिजे. मगच काम सुरू करा. चालताना टोकं अंगठ्याने बंद ठेवायची आणि वाचताना दोन्ही उघडायची. एक टोक बंद राहिलं तर पाणी खोट्या जागी अडकून उभं राहतं. पाइपमध्ये पाण्याचा माथा वाटीसारखा खोलगट दिसतो, त्याची खालची कड वाचा, दोन्हीकडे तीच. पाइपचा अर्धा भाग तापल्या वाळूवर आणि अर्धा सावलीत असेल तरी फरक पडतो.

पंचगंगेच्या बाजूला

दुधाळी, सुतारवाडा, कसबा बावडा, शाहूपुरीच्या खालच्या अंगाला प्लॉट असेल तर रस्त्यापासून दोन फूट वर जोतं हा हिशेब पुरा पडत नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी पाणी तिथे 55 फुटांच्या वर गेलं. पण हे फूट त्या बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीचे आहेत, तुमच्या प्लॉटला ते थेट लावता येत नाहीत. तुम्हाला लागते ती त्या भागातल्या लाल पूररेषेची समुद्रसपाटीपासूनची लेव्हल, मीटरमध्ये. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे. निळ्या-लालच्या मधल्या पट्ट्यात एकत्रित विकास नियमावलीनुसार जोतं लाल रेषेच्या लेव्हलपेक्षा 0.45 मीटर वर हवं.

म्हणून इथे 100.000 चा मनातला बेंचमार्क चालत नाही. समुद्रसपाटीची लेव्हल माहीत असलेल्या खुणेपासून सर्व्हेअरकडून लेव्हल आणून घ्या, आणि निघाले त्याच खुणेवर परत येऊन फेरा बंद करायला सांगा. एक किलोमीटरच्या फेऱ्यात 12 मिमीपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा करायला लावा. एकट्या जाण्याच्या वाचनावर जोत्याची उंची ठरवू नका. हा खर्च वाचवलेला चांगला नाही, कारण जोतं नंतर उचलता येत नाही.

आखणी

आता मूळ काम. समजा कोपऱ्यावरच्या कॉलमांची सेंटर लाइन (कॉलमच्या मध्यातून जाणारी रेषा) 8.20 × 11.40 मीटर आहे. समास, म्हणजे हद्दीपासून मोकळी ठेवायची जागा, सोडताना एक चूक फार होते: 1.50 मीटर समास कॉलमच्या मध्यापर्यंत मोजला जातो. समास भिंतीच्या बाहेरच्या अंगापर्यंत असतो. 230 मिमीच्या कॉलमला बाहेरून 20 मिमी गिलावा धरला तर सेंटर लाइन हद्दीपासून 1.50 + 0.02 + 0.115 = 1.635 मीटरवर येते.

सगळ्यात लांब आणि महत्त्वाची बाजू, सहसा रस्त्याला समांतर, मूळ रेषा म्हणून धरा. तिच्या दोन्ही टोकांना, इमारतीच्या रेषेपासून 1.5 ते 2 मीटर बाहेर, बुर्ज्या (छोटे पक्के खांब) बांधा. विटेची किंवा काँक्रीटची बुर्जी, माथा सगळीकडे एका लेव्हलला, माथ्यावर सेंटर लाइनचा खिळा. बावड्याकडच्या काळ्या मातीत नुसत्या लाकडी खुंट्या ठोकल्या तर पहिल्या वळवात माती फुगते आणि खुंट्या सरकतात. तिथे बुर्जी मुरूम लागेपर्यंत खाली न्या. पाचगावच्या वरच्या कडक मुरमात उलट अडचण: लाकडी खुंटी फुटते, 12 मिमीची सळई पहारीने भोक पाडून बसवा आणि भोवती काँक्रीट टाका.

कोपऱ्यावर काटकोन 3-4-5 ने काढा, पण 3-4-5 फुटांनी नको. 3 फुटांवर झालेली 3 मिमीची चूक 11 मीटरवर जाऊन तीन-चार सेंटिमीटर होते. 6, 8 आणि 10 मीटर घ्या, जागा असेल तेवढा मोठा त्रिकोण. मग चारही बाजू मोजा, आणि शेवटी दोन्ही कर्ण. 8.20 × 11.40 ला कर्ण 14.043 यायला हवा, दोन्ही. कर्ण फक्त एकमेकांशी जुळले म्हणून खूश होऊ नका. एका बाजूला निमुळता होणाऱ्या चौकोनाचेही कर्ण सारखे येतात. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि कर्णही सारखे, तेव्हाच चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे.

कर्णात फरक आला तर अंदाजाने खुंटी ठोकत बसायचं नाही. 11.40 ची समोरची पूर्ण बाजू तिच्याच रेषेत सरकवा. 20 मिमी फरकाला साधारण 12 मिमी सरकवावं लागतं, लांब कर्ण आखूड होईल त्या दिशेला. 5 मिमीच्या आत आलं की पुढे जा.

दोरी नायलॉनची, ताणलेली. खिळ्याच्या एकाच अंगाने नेहमी दोरी घ्या. एका टोकाला डावीकडून आणि दुसऱ्याला उजवीकडून गेली तर खिळ्याच्या जाडीइतकी रेषा तिरकी होते. आतल्या कॉलमांची अंतरं शून्यापासून सलग मोजा: 0, 3.20, 6.10, 8.20. मध्ये टेप उचलायचा नाही. दोन दोऱ्या जिथे एकमेकींना छेदतात तिथून ओळंबा सोडा, त्या बिंदूवर खुंटी, आणि तिच्याभोवती खड्ड्याचा चौकोन फक्कीने (पांढऱ्या भुकटीने).

खोदाई झाली की फक्की गेली, खुंटी गेली. उरतात त्या बाहेरच्या बुर्ज्या. पीसीसीनंतर (खड्ड्याच्या तळाच्या साध्या काँक्रीटनंतर) त्यांच्यावर पुन्हा दोरी ताणून सेंटर खाली उतरवा, फुटिंगची (कॉलमच्या पायाची) जाळी त्यावर लावा आणि स्टार्टर (कॉलमचा पहिला छोटा तुकडा) भरण्याआधी तिसऱ्यांदा तपासा. डंपर मागे घेताना बुर्जीला धक्का लागतोच, म्हणून प्रत्येक वेळी आधी बुर्ज्यांमधलं अंतर आणि कर्ण, मग काम. जोतं होईपर्यंत एकही बुर्जी काढू देऊ नका. जोत्याच्या बीमवर सेंटर लाइन छिन्नीने कोरून घ्या. वरच्या प्रत्येक स्लॅबवर ओळंबा त्याच कोरलेल्या खुणेपासून न्या, खालच्या मजल्याच्या कॉलमवरून नाही.