भाड्याच्या घरात नेट शेवटच्या खोलीपर्यंत नेताना

नवीन देशात घर लागलं की पहिल्याच आठवड्यात ही पंचाईत होते. राउटर दाराशी, कामाचं टेबल पार दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या जाड भिंतींपुढे वाय-फाय मान टाकतं. घरमालक खिळा ठोकू देत नाही, तिथे भोक पाडून केबल कुठली ओढणार! इतकी वर्षं घरं बदलून माझं मत झालंय, की भाडेकरूने पॉवरलाइन अडॅप्टरची जोडी एकदा वापरून बघावी. मात्र न चालल्यास परत घेतील, अशाच ठिकाणाहून घ्या.

एक अडॅप्टर राउटरजवळच्या सॉकेटमध्ये लावून छोट्या केबलने राउटरला जोडायचा, दुसरा टेबलाजवळ लावून तसाच लॅपटॉपला. मधलं काम भिंतीतल्या विजेच्या तारा करतात. वीज ५० किंवा ६० हर्ट्झची. डेटा त्याच तारांतून २ मेगाहर्ट्झच्या वरून जातो, त्यामुळे दोघं एकमेकांच्या वाटेत येत नाहीत.

माझी पहिली जोडी मी एक्स्टेन्शन बोर्डात खोचली होती. बोर्ड सर्ज प्रोटेक्शनवाला, म्हणजे विजेचा अचानक झटका अडवणारा. त्यातला फिल्टर विजेतला गोंगाट गाळतो, आणि त्याच्या लेखी आपला डेटा म्हणजेही गोंगाटच! व्हिडिओ कॉलवर माझा चेहरा अर्ध्या वाक्यात गोठायचा. दोन दिवस मी राउटरला शिव्या घातल्या. मग अडॅप्टर थेट भिंतीत लावला आणि कॉल सुरळीत झाला. म्हणून भिंतीतला सॉकेट अडॅप्टरसाठी राखून ठेवा. बोर्ड लावायचाच असेल, तर ज्याच्या तोंडावर आणखी एक सॉकेट असतो तसा अडॅप्टर घ्या आणि बोर्ड त्यात लावा.

खोक्यावरचा आकडा मनावर घेऊ नका. ६०० एमबीपीएस लिहिलेल्या कित्येक अडॅप्टरांचं इथरनेट पोर्टच १०० चं असतं. शिवाय दोन्ही सॉकेट वेगळ्या सर्किटवर, म्हणजे वेगवेगळ्या फ्यूजच्या लाइनवर असले, तर वेग आणखी पडतो. शेजारी मोबाइलचा चार्जर लावला किंवा व्हॅक्यूम क्लीनर सुरू झाला, तरी फरक जाणवतो. कुठला सॉकेट चांगला, हे लावून बघितल्याशिवाय कळत नाही. मी तर लॅपटॉप हातात घेऊन घरभर फिरलो होतो.

जोडी जुळवताना आधी दोन्ही एकाच खोलीत लावा. एकाचं पेअर बटण दाबा, मग साधारण दोन मिनिटांच्या आत दुसऱ्याचं. नुसतं लावून चालू झालं, तरी हे टाळू नका. इमारतीतल्या वायरिंगमधून सिग्नल शेजारच्या घरात पोचू शकतो. बटण दाबून जोडीला स्वतःचा पासवर्ड मिळाला की तिथल्या कुणाला आत शिरता येत नाही.

घर सोडताना राउटरमागचा अडॅप्टर हमखास विसरतो. माझा एक असाच मागे राहिला; त्याचा जोडीदार अजून ड्रॉवरमध्ये एकटाच पडून आहे.