ब्रेड मशीनमधला ब्रेड मऊ, जाळीदार कसा करायचा

ब्रेड मशीन घेतलेल्या बऱ्याच जणांची तीच तक्रार असते, ब्रेड होतो पण घट्ट होतो, सुरी लावली की चुरा पडतो, नाहीतर वर मधोमध खड्डा. मग मशीन जातं माळ्यावर. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण मशीन बहुतेक वेळा चांगलंच असतं, गडबड असते पाण्याच्या मापात.

मशीनसोबत जे पुस्तक येतं त्यातली मापं बऱ्याचदा बाहेरच्या ब्रेड फ्लावरची असतात, त्यात प्रोटीन १२-१३ टक्के. आपला किराणा दुकानातला मैदा साधारण १० च्या आसपास, तो कमी पाणी पितो, आणि गिरणीतून दळून आणलेली लोकवन नाहीतर सिहोरची कणीक मात्र भरपूर पाणी ओढते. म्हणजे त्याच मापात मैद्याचा गोळा गिजगिजीत होणार आणि कणकेचा दगड.

म्हणून आधी डिजिटल काटा घ्या, कपाने मोजणं सोडा. मी हे प्रमाण सुचवेन: मैदा ३०० ग्रॅम, कणीक १०० ग्रॅम, पाणी २६० मिली, मीठ ७ ग्रॅम, साखर १५ ग्रॅम, लोणी किंवा तेल २० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम. पूर्ण कणकेचा करायचा असेल तर ४०० ग्रॅमला पाणी ३०० मिलीपर्यंत जाऊ शकतं, आणि तो मैद्याच्या ब्रेडइतका फुगणार नाही हे धरूनच चला. खपली गव्हात ग्लूटेन (पिठाला ताण देणारं प्रोटीन) कमकुवत असतं, त्यामुळे खपलीचं पीठ घालायचं असेल तर एकूण पिठाच्या पाव भागापेक्षा जास्त नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मशीन सुरू करून निघून जायचं नाही. मळणं चालू झालं की पाचेक मिनिटांनी झाकण उघडा (मळताना उघडलं तर काही होत नाही), कोपऱ्यातलं सुकं पीठ स्पॅट्युलाने आत ढकला, आणि दहाव्या मिनिटाला गोळा नीट बघा. पोळीच्या कणकेपेक्षा जरा सैल हवा, भांड्याच्या कडा स्वच्छ, पात्याभोवती एकच गोळा फिरतोय, बोट लावलं तर किंचित चिकटतं पण सुटतं. गोळ्याला भेगा दिसल्या किंवा मशीन कण्हायला लागलं तर एकेक चमचा पाणी घाला, चमचा म्हणजे चहाचा, आणि दर वेळी एक मिनिट थांबा. तळाशी खीर झाली असेल तर एकेक मोठा चमचा पीठ. एवढ्याने निम्मं काम झालं.

कणीक असेल तर अजून एक करा. पीठ आणि पाणी फक्त दोन-तीन मिनिटं फिरवून मशीन बंद करा, अर्धा तास तसंच राहू दे, मग बाकीचं घालून प्रोग्राम पहिल्यापासून लावा. कोंडा तेवढ्यात भिजून मऊ होतो, नाहीतर तो ग्लूटेनचे धागे कापत राहतो आणि ब्रेड भुसभुशीत होतो.

अजून मऊ हवा असेल तर वरच्याच मापातून २० ग्रॅम मैदा आणि १०० मिली पाणी काढून मंद गॅसवर ढवळत पेस्टसारखं दाट करा, थंड करून मशीनमध्ये घाला. उरलेलं पाणी १६० मिलीच. हा ब्रेड दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही मऊ लागतो, डब्यातल्या सँडविचला एकदम बेस्ट.

पुण्यातल्या हवेचं बघायलाच हवं. एप्रिल-मेमध्ये स्वयंपाकघर तापलेलं, त्यात मळताना घर्षणाने गोळा आणखी गरम होतो, यीस्ट सुसाट सुटतं आणि भाजायच्या आधीच ब्रेड फुगून बसतो, खड्डा तिथूनच येतो. तेव्हा फ्रीजचं पाणी घ्या आणि यीस्ट ३ ग्रॅमवर आणा. डिसेंबर-जानेवारीत पाणी कोमट, हाताला जेमतेम ऊबदार लागेल इतपतच. पावसाळ्यात पीठ दमट असतं, १०-१५ मिली पाणी आधी मागे ठेवा, गोळा बघून मगच घाला. आणि ज्या दिवशी लाइट जायची शक्यता असेल त्या दिवशी लावूच नका, कारण मध्येच बंद पडलं तर काही मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात.

शेवटचं मळणं झालं की ओल्या हाताने पातं काढून घ्या, तळाला मोठं भोक पडत नाही. त्यानंतर मात्र भाजून होईपर्यंत झाकणाला हात नको.

बीप वाजला की लगेच भांड्यातून काढून जाळीवर ठेवा, आत राहिला तर वाफेने कडा ओल्या होतात. तासभर तरी कापू नका, गरम असताना आतला भाग अजून बसलेला नसतो आणि सुरीला चिकटून लगदा होतो. फ्रीजमध्ये ठेवू नका, तिथे ब्रेड लवकर शिळा आणि कडक होतो. दोन दिवसांचा बाहेर डब्यात, बाकीच्याचे स्लाइस करून फ्रीझरमध्ये टाका आणि लागतील तसे थेट तव्यावर भाजा.