द्रव नायट्रोजनच्या थंडीत उजेडावरून तापमान कसं मोजायचं

क्रायोस्टॅटमधे (वस्तू अतिथंड ठेवायच्या भांड्यात) अजून एक वायर घालायला जागा नाहीये किंवा शेजारीच तगडा मॅग्नेट आहे, अशा वेळी रेअर अर्थचा (निओडिमियम, एर्बियमसारखे धातू घातलेला) लेझर मारल्यावर चमकणारा क्रिस्टल थर्मामीटर म्हणून मस्त चालतो. त्यातल्या आयनच्या दोन ऊर्जा-लेव्हलमधून उजेडाच्या दोन पीक (स्पेक्ट्रममधली टोकं) येतात, उष्णता जास्त तितके आयन वरच्या लेव्हलला, म्हणून दोन पीकच्या गुणोत्तरावरून तापमान कळतं. फक्त मटेरियल घ्यायच्या आधी त्या दोन लेव्हलमधलं अंतर बघा, कारण सगळा खेळ तिथेच आहे.

सर्च केलं की पहिली एर्बियमची हिरवी चमकणारी पावडर समोर येते. रूम टेंपरेचरला ती भारीच आहे, पण तिच्या दोन लेव्हलमधे 700 ते 800 सेंमी⁻¹ (हे ऊर्जेचं एकक) चं अंतर, आणि 77 केल्विनला, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, उष्णतेकडे द्यायला जेमतेम 53 सेंमी⁻¹ असतात, मग वरच्या लेव्हलला लाखात एखादा आयन पोचला तरी खूप. म्हणजे एक पीक गायबच.

त्यापेक्षा निओडिमियम घातलेला यॅग (यिट्रियम-अॅल्युमिनियम गार्नेटचा क्रिस्टल) घ्या, 1 टक्कावाला, लेझरसाठी सर्रास मिळतो तोच. त्याच्या वरच्या जोडीत फक्त 84 सेंमी⁻¹ चं अंतर आहे. 808 नॅनोमीटरचा डायोड लेझर मारायचा, समोर 850 चा लाँगपास फिल्टर (850 नॅनोमीटरच्या वरचाच उजेड जाऊ देणारा), आणि साध्या सिलिकॉनच्या स्पेक्ट्रोमीटरवर 938.5 आणि 946 नॅनोमीटरच्या पीक बघायच्या. हा लेझर डोळ्याला जवळपास दिसतच नाही, त्यामुळे गॉगल घातल्याशिवाय स्विचला हात लावायचा नाही. 880 च्या आसपासच्या पीक जास्त उठून दिसतात पण त्यांच्या नादी लागू नका, तो उजेड क्रिस्टल स्वतःच परत गिळतो आणि गुणोत्तर बिघडतं. 938 आणि 946 दोन्ही एकाच रिकाम्या लेव्हलवर उतरतात, तिथे ही भानगड नाही.

क्रिस्टलचा छोटा तुकडा अपिझॉन एन या थंडीत चालणाऱ्या ग्रीसचा पातळ थर देऊन चिकटवा. मग बॅकग्राउंड वजा करून दोन्ही पीकचं क्षेत्रफळ काढा, 938 ला 946 ने भागा. नुसती एका पीकची उंची बघितली तर फायबर हलला, नायट्रोजनचा बुडबुडा मधे आला की आकडा बदलतो, भागाकारात ते बरचसं कटून जातं.

कॅलिब्रेशनला शेजारी सिलिकॉन डायोड किंवा पीटी 100 (प्लॅटिनमचा) असा तापमानाचा सेन्सर लावा, 77 ते 200 केल्विनपर्यंत हळूहळू गरम करत रीडिंग घ्या. गुणोत्तराचा नॅचरल लॉग आणि 1/T असा ग्राफ काढला की सरळ रेषा यायला हवी, उतार साधारण उणे 121. बराच वेगळा आला तर पीक एकमेकांत मिसळतायत किंवा बॅकग्राउंड नीट गेलेलं नाही. आणि 77.36 केल्विन हा आकडा समुद्रसपाटीचा आहे बरं का, पुण्यात हवेचा दाब कमी, तिथे नायट्रोजन अंदाजे अर्धा केल्विन खालीच उकळतो!

सगळ्यात छळतं ते लेझरने क्रिस्टलच गरम होणं, व्हॅक्यूममधे तर फारच, आणि पावडर वापरली तर विचारूच नका. चेक सोपा आहे, पॉवर निम्मी करा. गुणोत्तर हललं म्हणजे तुम्ही लेझरचा प्रताप मोजताय, अजून कमी करा आणि एक्सपोजर वाढवा.

आता 20 केल्विनला, म्हणजे द्रव हायड्रोजनच्या थंडीत, हाच यॅग लंगडा पडतो. तापमान उतरलं की संवेदनशीलता वाढते खरी, 30 केल्विनला प्रत्येक केल्विनमागे गुणोत्तर 13 टक्क्यांनी बदलतं, पेपरमधे तो आकडा झकास दिसतो, पण 20 ला 938 ची पीक दुसरीच्या हजारात जेमतेम अडीच भाग उरते, ती नॉइजमधून काढणार कशी? तिथे निओडिमियमच घातलेला व्हॅनाडेट क्रिस्टल घ्या, अंतर फक्त 18 सेंमी⁻¹. 10 केल्विनलाही सात-आठ टक्के सिग्नल हातात राहतो. पण पीक जेमतेम दीड नॅनोमीटरवर असतात, त्यामुळे स्पेक्ट्रोमीटर बारीक लागतो. हेलियमच्या 4.2 केल्विनला मात्र हाही जवळपास संपतो, तिथे वायर घालूनच मोजा.